गिऱ्हाईक केवढ्याला पडले?

लातूरची गंजगोलाई आपण पाहिली असेल. मधे जगदंबेचे देऊळ आहे. भोवती गोल दुकाने आहेत. सोळा रस्ते तिथे येऊन मिळतात. दुकानदार गादीवर बसतो, आणि गिऱ्हाईक आपल्या पायाने चालत येते.

गवंड्याचे तसे नाही. त्याला गादी नाही, की दुकानावर पाटी नाही. थापी, ओळंबा आणि गुण्या पिशवीत घातला, की त्याचे दुकान पाठीवर. ज्याचे घर गळते तो माणूस गवंडी शोधत असतो. ज्याच्या हाताला काम नाही तो गवंडी गिऱ्हाईक शोधत असतो. दोघे एकाच गावात असतात, पण एकमेकांना ठाऊक नसतात. मग दोघांच्या मधे एक तिसरा माणूस उभा राहतो. तो दोघांची गाठ घालून देतो, आणि त्याचे पैसे घेतो.

ते पैसे किती? कोण देतो? आणि देणाऱ्याला ते परवडतात का? हा आजचा धडा आहे. गवंडी, सुतार, रंगारी, फरशी बसवणारे, नळ जोडणारे, लहान गुत्तेदार, सगळ्यांना तो लागू आहे. ज्याला घर दुरुस्त करायचे आहे त्यालाही लागू आहे. कसे ते पुढे कळेल.

समजा, अहमदपूर तालुक्यात एक मिस्त्री आहे. त्याला आपण आबा म्हणू या. आबा प्लास्टर करतो, फरशी बसवतो, बाथरूम बांधतो, गळके छत दुरुस्त करतो. चार माणसे हाताशी धरून लहानसे गुत्ते घेतो. इकडे लातूर, तिकडे लोह्यावरून नांदेड. जिकडे काम तिकडे आबा. वयाच्या पन्नाशीत तो अक्षरे शिकला. सुनेने शिकवले. आता तो सावकाश का होईना, वाचतो आणि लिहितो.

एके दिवशी सुनेने विचारले, "मामा, काम मिळवायला तुम्हाला काय खर्च येतो?"

आबा हसला. म्हणाला, "काम मिळवायला कशाचा आलाय खर्च? काम करायला खर्च येतो. मिळवायला काय, तोंड हाय की."

आपल्यातले पुष्कळ जण हेच म्हणतील. आबा खोटे बोलत नव्हता. त्याने तो खर्च कधी मोजलाच नव्हता.

जुन्या काळी गावगाड्यात सुतार होता, लोहार होता. ते बलुतेदार होते. सुताराने नांगर, पाभर, दाराची चौकट दुरुस्त करायची, आणि सुगीला कुणब्याने त्याला धान्य द्यायचे. सुताराला गिऱ्हाईक शोधावे लागत नव्हते. सगळे गाव त्याचे गिऱ्हाईक. मात्र त्याला भाव करता येत नव्हता, आणि नाही म्हणण्याची सोयही नव्हती. तेव्हा जुने ते सगळे सोने होते असे समजू नका.

मग दिवस बदलले. रोख पैसा आला. काम कधी पुरासारखे आले, कधी आटले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद. झोपेतच हजारो माणसे गाडली गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी बसवली. बाकीच्या गावांत घरे दुरुस्त करून मजबूत केली. गवंड्यांना भूकंपात टिकेल असे बांधकाम शिकवले. त्या काळात ज्याला थापी धरता येत होती त्याला काम शोधत हिंडावे लागले नाही. नांदेडात २००८ साली गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. त्याच्या आधी शहरात रस्ते, घाट, इमारती अशी कामे निघाली. तेव्हाही हाताला काम होते.

आणि उलटेही झाले. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला प्यायचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले. प्यायला पाणी नाही तिथे प्लास्टरला कोण पाणी मारणार?

काम पुष्कळ असते तेव्हा मधला माणूस स्वस्त असतो. काम आटले की तोच महाग होतो. आडतीच्या बाजारातही हेच दिसते. मालाला उठाव असला की आडत्या शेतकऱ्याच्या मागे धावतो. उठाव नसला की शेतकरी आडत्याच्या मागे धावतो.

आता आबाचा एक दिवस पाहू. काम नसले की तो पहाटे उठतो, एस. टी. धरतो आणि शहरातल्या मजुरांच्या नाक्यावर उभा राहतो. तिथे शेकडो माणसे असतात. कोणाच्या हातात ब्रश, कोणाच्या हातात पाटी आणि फावडे. मुकादम येतो, हाताने खूण करतो, चार माणसे घेऊन जातो. नऊ वाजतात, दहा वाजतात. ऊन चढते. उरलेली माणसे डबा तसाच घेऊन परत फिरतात.

त्या दिवशी आबाचा काय खर्च झाला? तो म्हणेल, "तिकिटाचे शंभर आन् चहाचे वीस." सुनेने विचारले, "आणि तुमचा रोज?" मिस्त्रीचा रोज समजा ८०० रुपये धरला. तो दिवस काम शोधण्यात गेला. म्हणजे काम शोधण्याचा त्या दिवसाचा खर्च ९२० रुपये झाला. हातून नोट गेली नाही म्हणून तो खर्च दिसत नाही. पण संध्याकाळी चूल पेटवताना दिसतो.

नाका सोडला तर दुसरी वाट म्हणजे दुकानाची. सिमेंट, लोखंड, फरशी विकणाऱ्याकडे घर बांधणारा माणूस येतोच. तो विचारतो, "मिस्त्री कोणी चांगला आहे का?" दुकानदार आबाचे नाव सांगतो. मग आबाला म्हणतो, "मिस्त्री, माणूस पाठवलाय. आमचं तेवढं बघा."

'आमचं तेवढं' म्हणजे शेकडा पाच. कोठे कमी, कोठे जास्त. काही ठिकाणी नकाशा काढणारा इंजिनिअर घेतो, काही ठिकाणी मुकादम घेतो. आबाला शेकडा पाच म्हणजे काहीच वाटत नाही. शंभरातले पाच गेले, पंचाण्णव राहिले! पण खरोखर पंचाण्णव राहिले का? कागद घ्या. आबाने घेतलेल्या एका कामाचा हिशेब मांडू.

दोन खोल्यांचे प्लास्टर आणि फरशी. माल घरमालकाचा, मजुरी आबाची. गुत्ते ठरले ४०,००० रुपयांना. आबाने हाताखालच्या माणसांना २६,००० रुपये दिले. बांबू आणि फळ्यांचे भाडे २,००० झाले. जाण्यायेण्याला १,००० गेले. राहिले ११,०००. आबा म्हणाला, "अकरा हजार सुटले!"

सून म्हणाली, "मामा, तुम्ही स्वतः किती दिवस राबलात?"

"बारा दिवस."

आठशेच्या रोजाने बारा दिवसांचे ९,६०० रुपये होतात. दुसऱ्याच्या कामावर गेला असता तर एवढी मजुरी आबाला मिळालीच असती. ती वजा केली. मग गुत्ते घेण्याची जोखीम, रात्रीची झोपमोड, माणसे गोळा करण्याचा त्रास, या सगळ्याचे राहिले १,४०० रुपये.

आणि दुकानदाराचे शेकडा पाच किती झाले? ते सगळ्या ४०,००० वर मोजतात. २,००० रुपये.

१,४०० मधून २,००० जातात का? जात नाहीत. ६०० कमी पडले. ते आबाने आपल्या मजुरीतून दिले. बारा दिवस उन्हात राबून, वर गुत्तेदार म्हणवून घेऊन, तो साध्या मिस्त्रीपेक्षा ६०० रुपयांनी कमी कमावून घरी आला. हातात रोकड होती म्हणून त्याला ते कळले नाही.

इथे थोडे थांबा. हा हिशेब पुन्हा एकदा स्वतः मांडा. टक्का नेहमी सगळ्या रकमेवर मोजतात, नफ्यावर नाही. ज्याच्या कामात शंभराला साडेतीनच सुटतात, त्याला शेकडा पाच कसे परवडतील? आणि माल सुद्धा आबानेच आणायचा असे ठरले, तर रक्कम दुप्पट-तिप्पट होते. टक्काही तेवढाच वाढतो. आबाची मेहनत मात्र तेवढीच राहते. म्हणून टक्का ठरवताना आधी विचारावे: मजुरीवर की मालासकट?

मग आबाने काय करावे? पुष्कळ गवंडी करतात तेच त्याला सुचले. पुढच्या कामाला त्याने भाव वाढवून सांगितला. ४०,००० चे ४२,०००. म्हणजे टक्का घरमालकाने दिला. घरमालकाला ते ठाऊक नाही. त्याला वाटते, दुकानदाराने ओळखीने माणूस दिला.

रंगाच्या कामात हे आणखी गमतीचे आहे. रंगाच्या डब्यात किंवा बादलीत कंपनी टोकन ठेवते. डबा उघडला की रंगाऱ्याला ते मिळते. आता काही ठिकाणी फोन लावून खूण वाचायची, की पैसे खात्यात येतात. रंगाऱ्याने त्याच कंपनीचा रंग सांगावा म्हणून हे पैसे. कंपनी ते पदरचे देत नाही. ते डब्याच्या किमतीतच धरलेले असतात. डबा कोण विकत घेतो? घरमालक.

शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. बाजार समितीत आडत कोणी द्यावी, विकणाऱ्याने की घेणाऱ्याने, यावर किती वर्षे भांडण चालले! २०१६ साली सरकारने ठरवले की फळे-भाजीची आडत शेतकऱ्याकडून घेऊ नये, खरेदीदाराकडून घ्यावी. व्यापाऱ्यांनी त्यावर बाजार बंद ठेवले. आडत तरी पट्टीवर लिहिलेली असते. किती कापली ते दिसते. गवंड्याचा टक्का कोठेच लिहिलेला नसतो, आणि मला विचाराल तर खरी खोट तिथे आहे.

तेव्हा दुकानदाराला काहीच देऊ नये काय? तसे माझे म्हणणे नाही. चांगला दुकानदार नुसते नाव सांगत नाही, तो आपली पत आबाच्या मागे उभी करतो. उद्या फरशी उखडली तर घरमालक आधी दुकानात जाऊन ओरडणार आहे. या जबाबदारीचे दोन पैसे त्याला मिळाले तर बिघडत नाही. पण ते आधी ठरावेत. काम संपून पैसे हातात आल्यावर द्यावेत. आणि घरमालकाने विचारले तर सांगता यावेत. जे सांगायला लाज वाटते ते दामही बरोबर नसते.

एक गोष्ट मात्र वेगळी आहे. ती इथेच सांगून टाकतो. घरकुलाचा हप्ता काढायला, नाहीतर सरकारी कामाचे बिल मंजूर करायला कोणा कामगाराने टक्का मागितला, तर तो टक्का नव्हे. ती लाच आहे. घेणारा गुन्हेगार आहे. २०१८ सालच्या दुरुस्तीपासून देणाराही कायद्यात सापडतो. लाचलुचपत प्रतिबंधक खात्याचा फोन १०६४ आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

आता तिसरी वाट. ही नवी आहे. फोनची.

एक दिवस आबाला फोन आला. गोड आवाज होता. "तुमचे नाव आमच्याकडे लावा. तीन हजार रुपये भरा. आम्ही तुम्हाला वीस गिऱ्हाइके देऊ." आबाने मनात हिशेब केला. तीन हजारांना वीस, म्हणजे एक गिऱ्हाईक दीडशे रुपयांना. स्वस्त! त्याने पैसे भरले.

असा धंदा नवा असला तरी अगदी कालचा नाही. मुंबईत १९९६ साली जस्ट डायल निघाली. फोन करून विचारायचे, आणि त्यांनी नळवाल्याचा, रंगाऱ्याचा पत्ता सांगायचा. विचारणाऱ्याला फुकट. ज्याचे नाव सांगायचे तो पैसे भरणार. २०१४ साली अर्बन कंपनी नावाची दुसरी निघाली. ती मोठ्या शहरांत घरोघर कामकरी पाठवते, आणि प्रत्येक कामातून आपला वाटा कापून घेते. २०२१ च्या ऑक्टोबरात दिल्लीजवळ गुरगावला त्या कंपनीच्या कामकरी बायांनी तिच्या कचेरीसमोर धरणे धरले. वाटा फार जातो ही त्यांची तक्रार होती. म्हणजे टक्क्याचे दुखणे आबाला एकट्याला नाही.

आबाच्या वीस गिऱ्हाइकांचे काय झाले ते पाहा. सहा जणांनी फोन उचलला नाही. पाच जण नुसता भाव विचारत होते. चौघे इतक्या लांबचे होते की जायला परवडेना. राहिले पाच. त्या पाचांच्या घरी आबा जाऊन आला. तिघांनी दुसऱ्याला काम दिले. कारण तीच नावे आणखी तीन-चार गवंड्यांना विकलेली होती. पुष्कळदा असे करतात. दोन कामे मात्र मिळाली.

आता सांगा, एक गिऱ्हाईक केवढ्याला पडले? दीडशेला? नाही. वीस नावे आली, कामे दोनच मिळाली. तीन हजारांना दोन, म्हणजे एक काम दीड हजाराला. पण थांबा. पाच घरी जाऊन यायला प्रत्येक वेळी अर्धा दिवस मोडला. अर्ध्या दिवसाचे ४०० रुपये, आणि पेट्रोलचे शंभर. पाच घरांचे २,५०० झाले. तीन हजार आणि अडीच हजार मिळून साडेपाच हजार. ते दोन कामांवर वाटले, तर एका कामाला २,७५० रुपये पडले.

दीडशे वाटले होते, पावणेतीन हजार निघाले. फोनवरची बाई खोटे बोलली नव्हती. तिने नावाचा भाव सांगितला. आबाने तो कामाचा भाव समजला. 'चौकशी' वेगळी आणि 'काम' वेगळे. बाजारात चौकशी करणारे शंभर असतात, खिशात हात घालणारे दहा.

यात आबा अडाणी म्हणून फसला असे कोणी म्हणेल. तसे नाही. अमेरिकेचे उदाहरण घ्या. तिथे होमॲडव्हायझर नावाची कंपनी होती. घरदुरुस्ती करणारे गुत्तेदार तिला वर्षाची वर्गणी देत. ती साधारण २८८ डॉलर असे. वर प्रत्येक चौकशीचे पैसे वेगळे. तिथले गुत्तेदार शिकलेले, स्वतःच्या मोटारीतून हिंडणारे. त्यांचीही ओरड झाली. २०२२ च्या मार्च महिन्यात तिथल्या सरकारच्या व्यापार आयोगाने तक्रार मांडली. कंपनीने चौकशीचा जो दर्जा सांगितला तसा तो नव्हता, पुष्कळ नावे काम द्यायला तयार नसलेल्या माणसांची होती, काही त्या गुत्तेदाराच्या कामाची किंवा भागातली नव्हती, असे आयोगाचे म्हणणे होते. २०२३ साली कंपनीने ७२ लाख डॉलरपर्यंत रक्कम द्यावी असा आदेश झाला. आबाला हे वाचून दाखवले तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे तिकडचे गवंडी बी आमच्यावानीच की!"

म्हणून फोनवाल्याला पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारावेत. हे नाव आणखी कितीजणांना देणार? ते किती कोसांच्या आतले असेल? फोन लागला नाही तर त्याचे पैसे परत की नाही? हे सगळे कागदावर देता का? कागदावर द्यायला जो तयार नाही त्याला सोडून द्यावे.

त्या रात्री आबाच्या घरात थोडे भांडण झाले. तीन हजार रुपये बियाणाला बाजूला ठेवलेले होते. आबाची बायको म्हणाली, "अहो, मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मागच्या साली तुम्ही गुरुजींच्या घराचं छत केलं. एक थेंब गळला नाही. त्येंना जाऊन कधी विचारलं का, की तुमच्या शेजारीपाजारी कोणाचं काम हाय का?"

आबा म्हणाला, "मागायला जावं का दारात? लाज वाटती."

"अन् नाक्यावर उभं राहायला नाही वाटत?"

आबाला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी तो गुरुजींकडे गेला. काम मागायला नाही. छत पाहायला. पावसाळा झाला होता. कोठे ओल आली आहे का ते पाहिले. एका कोपऱ्यात बारीक चीर होती, ती बुजवून दिली. त्याचे पैसे घेतले नाहीत. गुरुजींनी चहा दिला, आणि शेजारच्या घराची भिंत दाखवली. ते काम आबाला मिळाले. त्याला अर्धा दिवस लागला, पाटीभर माल लागला. म्हणजे हेही गिऱ्हाईक फुकट नव्हते. पाचशे रुपयांना पडले. पण पावणेतीन हजार कुठे आणि पाचशे कुठे!

आणखी एक जागा आहे. तिथे गिऱ्हाइकांची यादी फुकट मिळते. ती जागा म्हणजे आपली ग्रामपंचायत. प्रधानमंत्री आवास योजनेत ज्यांना घरकुल मिळते त्यांची नावे जाहीर असतात. ग्रामसभेत वाचली जातात. २०१६ साली ही योजना सुरू झाली तेव्हा सपाट भागातल्या घराला १ लाख २० हजार रुपये मदत ठरली. ज्याचे नाव यादीत आहे त्याला घर बांधायचेच आहे. तो नुसता भाव विचारणारा नव्हे. आणि ती यादी आणखी कोणाला तीन हजारांना विकत घ्यावी लागत नाही. फक्त वाचता आली पाहिजे.

यात एक मेख आहे. घरकुलाचे पैसे एकदम येत नाहीत. घर जसजसे वर येते तसतसे हप्ते येतात. हप्ता लांबला की गवंड्याची मजुरी अडकते. म्हणून आबाने ठरवले, आपली मजुरीही तशीच टप्प्याने घ्यायची. पाया झाला की इतके, छत झाले की इतके. आणि इसार घेतल्याशिवाय पहिला दगड ठेवायचा नाही.

सुनेने आबाला एक वही आणून दिली. दुरेघी, शाळेतली. तिच्यात उभ्या रेघा मारून दिल्या. तारीख. गिऱ्हाईक कोणाकडून आले. त्याला गाठायला काय गेले, रोख किती आणि दिवस किती. काम मिळाले की नाही. मिळाले तर सुटले किती.

आबाला लिहायला वेळ लागतो. 'प्लास्टर' हा शब्द त्याने आठ दिवस चुकीचा लिहिला. तरी त्याने सहा महिने वही भरली. मग एका रविवारी दोघांनी बेरजा केल्या. नाक्यावर तो अकरा दिवस उभा राहिला होता. त्यातले पाच दिवस रिकामे गेले होते. फोनच्या नावांत दोन कामे. दुकानदाराकडून तीन कामे, मोठी, पण शेवटी हातात फारसे काही न राहिलेली. जुन्या गिऱ्हाइकांनी सांगून आलेली चार कामे, लहान लहान, पण प्रत्येकात काहीतरी सुटलेले. पंचायतीच्या यादीतून एक.

या वहीचा एक आडवा उपयोगही झाला. बांधकाम कामगारांसाठी महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळ आहे. तिथे नोंदणी करायला वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. कोठे, कोणाकडे, किती दिवस, हे आबाला आता आठवावे लागत नव्हते. वहीत होते.

पुढच्या आठवड्यात दुकानदाराचा निरोप आला. आबा गेला. वही पिशवीत होती.

"मिस्त्री, तीन खोल्यांचं काम हाय. माणूस पैसेवाला हाय. आमचं तेवढं बघा."

आबा म्हणाला, "शेटजी, शेकडा पाच मला परवडत नाही. हे बघा." त्याने वही उघडली. ४०,००० चे काम दाखवले. "तुम्ही दोन घ्या. मजुरीवर घ्या, मालावर नाही. अन् माझे पैसे आल्यावर घ्या. घरवाल्याला पण मी सांगणार, की शेटजींना दोन टक्के देतो म्हणून."

दुकानदाराने वही पाहिली. पान उलटून मागचेही पाहिले. म्हणाला, "मिस्त्री, तुमच्यासारखे दहा जण हायेत माझ्याकडे. ते पाच देतेत."

"देतेत खरं. पर त्येंनी मोजलं नाही अजून."

दुकानदार काही बोलला नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. आबा पायऱ्या उतरून खाली आला. ते काम गेले हे त्याला कळले होते.

घरी बायको म्हणाली, "दुकानदार तुटला तर कसं करायचं?" आबा म्हणाला, "बघू." त्या रात्री त्याला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी तो पहाटेच्या गाडीने नाक्यावर गेला. काम मिळाले नाही. संध्याकाळी त्याने वहीत लिहिले: सोमवार. नाका. तिकीट १००, चहा २०, रोज ८००. काम नाही.

चार दिवसांनी दुकानातला पोऱ्या सायकलवर आला. शेटजींनी चिठ्ठी दिली होती. आबाने ती स्वतः वाचली. तीन खोल्यांचे काम दुसऱ्याला गेले होते. पण एका घराचे बाथरूम गळत होते, आणि घरवाल्याला पक्के काम करणारा माणूस हवा होता. खाली लिहिले होते, 'दोन चालतील. या कामापुरते.'

आबाने चिठ्ठी वहीत ठेवली आणि पोऱ्याला म्हणाला, "सकाळी येतो म्हणून सांग."